काळा अक्रोड, कोल्हापुरी गूळ आणि सहा पाकिटं: माझी प्रयोग वही

१ डिसेंबर २०२४, रविवार

दादा काल रात्री अमेरिकेतल्या मिझुरीहून आला आणि बॅगेतनं चॉकलेटं निघतील म्हणून पोरं टपून बसलेली तर निघाली सहा पाकिटं, काळ्या अक्रोडाचा मगज, एकेक पाकीट ४५४ ग्रॅमचं, म्हणजे पावणेतीन किलोला थोडं कमी. म्हणाला, "ह्याचे लाडू कर आणि तालमीतल्या पोरांना विक, सुपरफूड आहे, प्रोटीन बघ किती आहे." माझा डिंकाच्या लाडवांचा आणि चटण्यांचा घरगुती धंदा, दिवाळी संपली की संक्रांतीपर्यंत डिंक, मेथी, अळीव हेच चालू असतं, म्हटलं बघूया काहीतरी नवीन. वही घातली. मागं नाचणीच्या कुकीज एकदा इतक्या भारी झाल्या होत्या आणि प्रमाण लिहिलंच नव्हतं, तसली कुकी परत कधी जमली नाही, म्हणून यावेळी वजनासकट लिहिणार.

(वाचून कुणाला खटकेल म्हणून आधीच सांगतो, मी बाईच आहे. आम्ही कोल्हापुरी बायका आलो-गेलोच म्हणतो, टाईप करताना पण तेच येतं.)

पाकीट फोडलं आणि पहिला वास आला तो अक्रोडाचा नव्हताच. पिकून उतरलेल्या फळाचा, थोडा ओल्या लाकडाचा, थोडा चक्क दारूचा. सासूबाई लांबनंच म्हणाल्या, "खवट झालंय ते, टाकून दे." एक तुकडा तोंडात टाकला. खवट नव्हतं. खवट तेल घशाशी जाऊन चिकटतं आणि मागनं रंगाच्या डब्यासारखी चव येते, हे तसं नाही, हे आधी नाकात चढतं, मग थोडं कडू, मग मातकट गोड. काश्मिरी अक्रोड याच्यापुढं अगदीच शांत माणूस वाटतो.

आणि अर्धे अक्रोड नाहीतच पाकिटात, सगळे बारीक तुकडे. आपला कागदी अक्रोड फोडला की फुलपाखरासारखा अख्खा अर्धा निघतो, हे असं का, ते वहिनीला विचारायचं.

२ डिसेंबर

सकाळी ८ ला वहिनीला व्हिडिओ कॉल, तिकडं आदल्या दिवशीची रात्र. त्यांच्या मागच्या अंगणातच झाड आहे, तिनं कॅमेरा फिरवला पण अंधारात काय दिसणार, नुसतं खोड. पण माहिती भरपूर दिली. हे झाड मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलंच, आपल्या काश्मिरी अक्रोडाचा चुलतभाऊ, कूळ एकच पण जात वेगळी. बागा लावून फार कुणी घेत नाही, रानात, शेताच्या बांधावर, घरामागं उगवलेल्या झाडांचे अक्रोड लोक ऑक्टोबरमध्ये गोळा करतात आणि पिकपभरून वजनावर विकून येतात. मिझुरीतनं सगळ्यात जास्त माल निघतो.

खाली पडतो तो हिरव्या जाड सालीचा गोळा, लिंबाहून मोठा. ती साल काढणं हे खरं काम. वहिनी म्हणाली आम्ही ड्राइव्ह-वे वर पसरतो आणि वरनं गाडी घालतो. मला आधी चेष्टाच वाटली, पण नाही, तिकडं बरेच जण हेच करतात, आतलं कवच एवढं टणक की गाडीच्या चाकाखाली साल फाटते पण अक्रोड फुटत नाही! हातमोजे घातले नाहीत तर बोटं काळी पडतात आणि साबणानं जात नाहीत, पहिल्या वर्षी तिला माहीत नव्हतं, तशीच ऑफिसला गेली दोन आठवडे. म्हणजे बिब्याचाच भाऊ म्हणायचा, नुसती आग होत नाही एवढंच.

मग बादलीत टाकून धुवायचे, तरंगतील ते पोकळ किंवा किडके, ते फेकायचे, बुडतील ते जाळीवर पसरून दोनतीन आठवडे सावलीत वाळवायचे. ते काळं पाणी टोमॅटोच्या वाफ्यात ओतायचं नाही. या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, मुळांत, सालीत, पानांत सगळीकडं, आणि टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्या जातीला ते सोसत नाही, झाडं माना टाकतात. वहिनीनं सोन्यासारखे टोमॅटो असेच घालवले. आणि एवढं सगळं करून फोडायचा हातोडीनं नाहीतर वाईसमध्ये धरून, आत वेड्यावाकड्या भिंती, त्यातनं सुईनं टोकरून काढावा लागतो, म्हणून अख्खा अर्धा निघत नाही.

मेहनत ऐकून पाकिटांबद्दल आदर वाढला. काल अर्धी मूठ उगाच पोरांना वाटली.

५ डिसेंबर

आज हिशोब. दादाच्या सुपरफूडचं काय ते एकदा कागदावर बघू म्हणून बसलो. १०० ग्रॅमचे आकडे:

काळा अक्रोड: कॅलरी ६१९, प्रोटीन २४ ग्रॅम, फॅट ५९ ग्रॅम, फायबर ७ च्या जवळ. मॅग्नेशियम २०० मिलिग्रॅमच्या आसपास, फॉस्फरस ५१३.

साधा अक्रोड: कॅलरी ६५४, प्रोटीन १५, फॅट ६५, फायबर तेवढंच. मॅग्नेशियम १५८, फॉस्फरस ३४६.

म्हणजे प्रोटीनमध्ये दादा बरोबर आहे, सेलेनियम पण काळ्यात तिपटीहून जास्त आहे. पण लोक अक्रोड घेतात कशासाठी? ओमेगा-३ साठी. कुणीतरी फॅमिली ग्रुपवर मेंदूचं आणि अक्रोडाचं चित्र टाकतंच दर महिन्याला. तर ओमेगा-३ साध्या अक्रोडात ९ ग्रॅम आणि काळ्यात दोन-अडीच ग्रॅम!! मी दोनदा तपासलं, मला वाटलं रांग चुकली. काळ्याचं फॅट बहुतेक ओमेगा-६ आहे.

मग सवयीनं घरातल्या डब्यांशी तुलना केली. शेंगदाणे, प्रोटीन २५-२६ ग्रॅम. जवस, ओमेगा-३ तब्बल २२-२३ ग्रॅम. दोन्ही माझ्या फळीवर बरणीत आहेत आणि दोन्ही लक्ष्मीपुरीत किलोनं मिळतात. मी करतो त्या ३५ ग्रॅमच्या लाडवात फारतर ८ ग्रॅम काळा अक्रोड बसणार, त्याचं प्रोटीन दोन ग्रॅम पण नाही. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीच्या दुधाचा एक ग्लास मारला तर आठ-नऊ ग्रॅम पोटात जातं.

वाईट नाहीच, मूठभर खाल्ला तर चांगलाच आहे. पण तब्येतीच्या नावावर विकायचा असेल तर सातासमुद्रापलीकडनं आणायचं काहीच कारण नाही. चवीसाठी आहे का कारण, ते बघायचं राहिलं.

७ डिसेंबर, शनिवार

भाजून बघितला, ५०-५० ग्रॅमचे चार घाणे.

कच्चा: वास सगळ्यात जोरात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर ४ मिनिटं: दारूचा वास उतरला, खाली गोडसर, कॉफीच्या जवळचं काहीतरी आलं, हाच बेस्ट. ७ मिनिटं: तेल सुटलं, कडू. ओव्हनमध्ये १६० वर ८ मिनिटं: चांगला भाजला पण बारीक चुरा करपला, त्यामुळं आधी चाळून घ्यायला पाहिजे होता. साध्या अक्रोडापेक्षा लवकर भाजतो कारण तुकडे बारीक, लक्ष हलवलं की गेला.

चारी वाट्या सगळ्यांपुढं ठेवल्या. आमच्या ह्यांना दुसरी आवडली, पोराला एकही नाही, सासूबाईंनी हात लावला नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज जो शहाणपणा केला तो लिहायलाच नको होता पण वही प्रामाणिक पाहिजे. रविवार, मटण, पांढऱ्या रश्शात काजू-खसखशीच्या वाटणाऐवजी भिजवलेल्या काळ्या अक्रोडाची पेस्ट घातली, २५ ग्रॅमच, नारळाचं दूध आणि अळणी पाणी नेहमीचंच. रस्सा राखाडी झाला. नुसता राखाडी नाही, जांभळट राखाडी, डांबरी रस्त्यावरनं पावसाचं पाणी वाहतं तसला. सालीतला रंग उतरतो हे साध्या अक्रोडाला पण होतं, माहीत होतं मला, तरी केलं. चव अर्धी कडू. दादा म्हणाला फ्युजन आहे. ह्यांनी काही न बोलता वाटी बाजूला सारली आणि तांबडा घेतला, त्यातच सगळं आलं.

गरम पाण्यात घालून साल निघते का ते पण बघितलं. बारीक तुकडे आहेत, चोळता चोळता अर्धा अक्रोड पाण्याबरोबर गेला. बंद.

१० डिसेंबर

लाडवाचा नमुना घेऊन तालमीत गेलो, दादाच्या आग्रहाखातर. वस्तादांनी लाडू फोडला, नाकाला लावला, म्हणाले, "वैनी, पोरं हे खाऊन आखाड्यात उतरली तर कुस्ती बघायला आलेली माणसं म्हणतील प्यालेत." वर बदाम, तूप, दूध याच्या बाहेर त्यांचं काही जात नाही हे पण सांगितलं. लाडू मात्र अख्खा खाल्ला.

दादा गप्प.

१२ डिसेंबर

चटणी. पहिली: भाजलेला काळा अक्रोड ५० ग्रॅम, सुकं खोबरं ५०, लसूण १०-१२ पाकळ्या, संकेश्वरी मिरची, जिरं, मीठ. लसणानं अक्रोडाला खाऊन टाकलं, कशाला घातला कळेना. दुसरी: लसूण काढला, तीळ घातले, दाण्याचं कूट १५० ला अक्रोड ५०, मिरची तीच, चिमूटभर गूळ. ही जमली. पहिल्या घासाला दाण्याची चटणी वाटते आणि गिळल्यावर मागनं तो वेगळा वास येतो, धुरकट म्हणावा तसा. ज्वारीच्या भाकरीबरोबर दही घेऊन एकदम भारी.

मिक्सरला एकदाच फिरवला तर लगेच तेल सुटून लगदा झाला, हे खलबत्त्याचंच काम आहे, थोडं भरड राहिलं पाहिजे, दाताखाली एखादा तुकडा आला की मजा. प्रमाण तीनास एक, याच्या वर जायचं नाही. मसाला म्हणून बघायला लागलो की हा अक्रोड कळतो असं वाटायला लागलंय, जायफळ आपण वाटीभर घालतो का.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती, नरसोबाच्या वाडीला गेलेलो, गर्दी तर विचारूच नका, घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. येताना वाडीची बासुंदी आणली. आणि घरी येऊन वाटीत घेतल्यावर डोक्यात आलं, वहिनी सांगत होती की तिकडं काळ्या अक्रोडाचं सगळ्यात जास्त काय चालत असेल तर आइस्क्रीम, मग फज, केक. म्हणजे दूध, साखर आणि हा. आपल्याकडं दूध आटवून साखर घालायचं काम वाडीत पिढ्यानपिढ्या चाललंय आणि मी मटणाच्या मागं लागलेलो.

आज सकाळी म्हशीचं दूध दोन लिटर घेतलं, अर्ध्याच्या आत आटवलं, साखर नेहमीपेक्षा थोडी कमी. काळा अक्रोड ४० ग्रॅम, अर्धा चमचा तुपात मंद परतून, उतरवायच्या आधी दहा मिनिटं दुधात. वेलची नाही. आधी एका वाटीत वेलची घालून बघितली, दोन्ही वास एकमेकांच्या उरावर बसतात. किसून चिमूटभर जायफळ चाललं. रंग थोडा उतरला, फिकट चहासारखा, पण बासुंदीला तो शोभतो.

गरम ठीक. गार केल्यावर मात्र काय झालं ते शब्दात सांगता येत नाही, कच्च्यात जो दारूचा वास टोचत होता तोच दुधात विरघळून असा पसरला की कुणीतरी वर महागडं इसेन्स घातलंय असं वाटावं. सासूबाई, ज्यांनी पंधरा दिवस त्या पाकिटाकडं पाठ फिरवलेली, त्यांनी दुसरी वाटी घेतली आणि विचारलं, "ह्यात काय घातलंयस?" मी म्हटलं आत्या, ते टाकून द्यायचं होतं ते.

२२ डिसेंबर

चिक्की. संक्रांत जवळ आली म्हणून ऑर्डरीत काहीतरी बसवायचं होतंच.

घाणा १: साधा पिवळा गूळ २०० ग्रॅम, दाणे १४०, काळा अक्रोड ६०. पाक कमी पडला, चिक्की दाताला चिकटली. पोराचा हलणारा दात निघाला, त्याचं काम झालं.

घाणा २: चिकीचा गूळ, बाकी तेच. पाक होईस्तोवर थांबलो, वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की टणक गोळी होऊन वाटीला खळकन वाजली पाहिजे, तिथं गॅस बंद. कुरकुरीत, पण नुसती गोड, गुळाला स्वतःची चव नाही.

घाणा ३: निम्मा चिकीचा, निम्मा ओळखीच्या गुऱ्हाळाचा काळपट गूळ, बिनरसायनाचा, ज्याला रंग नाही म्हणून बाजारात भाव कमी. हा जमला. त्या गुळाचा किंचित खारट, किंचित करपट गोडवा आणि अक्रोडाचा कडवटपणा हे एकमेकांना बरोबर धरतात. चांगल्या पिवळ्याधमक गुळावर लोक उड्या मारतात आणि इथं काळाच लागतो. अक्रोड पाकात शेवटी घालायचा, आधी घातला तर पाकाच्या उष्णतेनं पुढं भाजत राहतो आणि कडू होतो.

केळ्याचा केक पण केला मधे एकदा, चांगला झाला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२४ डिसेंबर

आमचे हे उद्यमनगरात मशीन शॉपला आहेत. आज जेवताना म्हणाले, "अक्रोडाचं टरफल आम्ही वापरतो की." मला वाटलं मस्करी. तर टरफलाचं दळलेलं ग्रिट मिळतं, अॅल्युमिनियमचा पार्ट किंवा साचा साफ करायला हवेच्या जोरानं ते मारतात, लोखंडी शॉट म्हणजे बारीक छर्रे मारले तर मऊ धातूला खड्डे पडतात, टरफलानं घाण निघते आणि पार्ट सुखरूप राहतो. दादा म्हणाला काळ्या अक्रोडाच्या टरफलाचा तिकडं हाच मोठा धंदा आहे, मगज काढून राहिलेलं टरफल दळून विकतात. आणि लाकूड तर फर्निचर आणि बंदुकीच्या दस्त्यासाठी लागतं, तेही महाग. एकूण माणूस खातो तो भाग या झाडाचा सगळ्यात लहान.

अर्धा तास दोघं ग्रिटवर बोलत बसले, भाकऱ्या गार झाल्या.

२९ डिसेंबर

टिकाऊपणाची चाचणी. ७ तारखेला भाजलेल्यातला थोडा तीन ठिकाणी ठेवला होता. ओट्यावर साध्या बरणीत: आज उघडली तर खवट सुरू झालंय, आता कळतं पहिल्या दिवशीचा वास आणि हा वास यात काय फरक असतो ते. फ्रीजमध्ये: ठीक. फ्रीझरमध्ये हवाबंद: जसाच्या तसा. फॅट बहुतेक सगळं लवकर हवा धरणारं आहे त्यामुळं हे होणारच, भाजल्यावर आणि तुकडे बारीक असल्यावर तर जास्तच. उरलेली बंद पाकिटं सगळी फ्रीझरमध्ये टाकली, मटार हलवावे लागले. चटणीवर पंधरा दिवसांच्या वर तारीख टाकायची नाही.

४ जानेवारी २०२५

लेबलवरनं दादाशी वाजलं. त्याला पाहिजे "हाय प्रोटीन इंपोर्टेड सुपरफूड". मी म्हटलं अरे चिक्कीत ६० ग्रॅम अक्रोड आणि १४० ग्रॅम दाणे आहेत, प्रोटीन आलं असेल तर ते दाण्याचं, अमेरिकेचं नाव कशाला लावू. आणि ओमेगा-३ लिहिलं तर ते चक्क खोटं, कुणी विचारलं तर मी जवसाची चटणी हातात देणार. भांडण थोडं ताणलं, मग तो गॅलरीत गेला.

मी लिहिलं ते असं: काळा अक्रोड-शेंगदाणा चिक्की, काळा गूळ. खाली ठळक: यात शेंगदाणा आणि अक्रोड आहे, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी खाऊ नये. हे नियमात आहेच, पण नियम नसता तरी लिहिलं असतं, माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पोरीला काजूनं ओठ सुजून दवाखान्यात न्यावं लागलेलं, तेव्हापासनं मी सुकामेव्याच्या बाबतीत घाबरूनच असतो. साधा अक्रोड चालत नाही त्याला काळा चालेल असं अजिबात समजायचं नाही.

११ जानेवारी

दादा गेला. चिक्कीचे २०० ग्रॅमचे १२ डबे केले, नमुना म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना. चटणीच्या ८ बाटल्या. पाठ दुखतेय.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

काल भोगीला बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि कडेला ती तीनास एक चटणी. संपली.

बारा डब्यांचे निरोप आले ते असे: पाच जणांनी परत मागितली, तीन म्हणाले छान आहे (म्हणजे नाही आवडली), दोघांनी विचारलं की खवट झालीय का, एकीनं डबा परत पाठवला तिळगुळाबरोबर, आणि एक अजून गप्प. खवट विचारणाऱ्यांचं मी समजू शकतो, सासूबाईंचं पण तेच झालेलं. पुढच्या वेळी डब्याबरोबर एक ओळ द्यायला पाहिजे, की वास असाच असतो, आधी थोडी खा.

लाडू बंद, चवीला पण आणि हिशोबाला पण. चिक्की फक्त सांगितली तर. चटणी ठेवणार. बासुंदी विकायची नाही, घरासाठीच, कारण दोन लिटर दुधाला ४० ग्रॅम लागतो आणि माल कुठनं आणणार.

दादाचा मेसेज आला, ऑक्टोबरमध्ये नवीन माल निघाला की दहा पाकिटं पाठवू का. दोन पाठव म्हटलं, आणि वहिनीला सांग की पॅकिंगची तारीख बघून घे. ह्यांनी माझ्या मोबाईलवरनंच खाली लिहिलं की थोडं टरफलाचं ग्रिट पण पाठव.

शिल्लक: दोन पाकिटं, आणि एक अर्धं, फ्रीझरमध्ये मटाराच्या मागं. शनिवारी नणंद येणार आहे, दूध तीन लिटर सांगून ठेवलंय.